दोन सराया, एक थडगं आणि बारा नंबरचं लेणं : अजिंठ्याच्या रस्त्यावरचं एक प्रकरण

दर डिसेंबरात आमच्या शाळेची सहल अजिंठ्याला जाते. शाळा फुलंब्री तालुक्यात, त्यामुळे मुलांना हा रस्ता पाठ आहे. कुणाचा मामा सिल्लोडला, कुणाची आत्या गोळेगावला. परत आल्यावर सहलीचं वर्णन लिहायला सांगितलं की चाळीस वह्यांत एकच मजकूर येतो. पहाटे निघालो, गाडीत गाणी म्हटली, लेणी पाहिली, डबे खाल्ले, अंधार पडता घरी आलो. लेण्यांवर चार ओळी असतात, रस्त्यावर एकही नसते. खड्डे आणि धुळीचा उल्लेख मात्र असतो, कारण या रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम त्यांच्या आठवणीतलं जवळजवळ सगळं बालपण व्यापून होतं.

मी नववीला इतिहास शिकवते. दोन वर्षांपूर्वी मी सहल उलटी बांधली. एसटीची प्रासंगिक कराराची गाडी आधी संभाजीनगरला दिल्ली दरवाजापाशी नेली आणि तिथून अजिंठ्याकडे निघालो. मुलांना काम दिलं होतं : वाटेत चार ठिकाणी उतरायचं आणि तिथल्या माणसांना तीन प्रश्न विचारायचे. हे काय आहे? कुणी बांधलं? इथं कोण, कशासाठी यायचं? उत्तर जसं येईल तसं उतरवून घ्यायचं. आपल्याला ठाऊक असलेलं त्यात घालायचं नाही.

या लेखात त्या एका दिवसाचं आणि त्यातून पुढं जे झालं त्याचं वर्णन आहे. मला कळून घ्यायचं होतं ते एवढंच : जो रस्ता काही शतकं दख्खनचा माल वाहत होता, त्याच्या कडेला उभ्या असलेल्या वास्तू आज लोकांच्या मनात त्या रस्त्याचं काय शिल्लक ठेवतात.

आधी रस्ता. उत्तरेकडून येणारा काफिला नर्मदा ओलांडून तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला टेकायचा. मोगलांच्या खानदेश सुभ्याचं ते मुख्य ठाणं. तिथून तापी ओलांडून खानदेशातून दक्षिणेला आलं की अजिंठ्याचा डोंगर आडवा येतो. घाट चढून माथ्यावर आलं की मराठवाड्याचं पठार लागतं. सिल्लोड, फुलंब्री करत शहर गाठायचं. मलिक अंबरनं १६१०मध्ये वसवलेलं खडकी म्हणजे हेच शहर. पुढं वाटा फुटत : एक पैठणला गोदाकाठी, एक जालन्याकडे, एक अंबड-नांदेडवरून थेट गोवळकोंड्याला. फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निये सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याच्या हिऱ्यांसाठी निघाला, तो याच शहरातून पुढं नांदेडच्या वाटेनं गेला.

म्हणजे आम्ही ज्या वाटेनं लग्नाला आणि बाजाराला जातो ती वाट ही. दिल्ली दरवाजापाशी मी मुलांना एवढंच सांगितलं आणि गप्प बसले.

दिल्ली दरवाजा सोपा होता. ज्याला विचारावं तो सांगे, दिल्लीकडे तोंड आहे म्हणून दिल्ली दरवाजा. बांधला कुणी, यावर बहुतेकांचं उत्तर औरंगजेब. तटबंदी १६८०च्या दशकात त्याच्याच काळात झाली, तेव्हा उत्तर ढोबळमानानं बरोबर. कोण यायचं, तर फौजा, बादशहा, हत्ती. एका रिक्षावाल्या भाऊंनी मुलांना हत्ती दारातून कसा जात असेल ते हात वर करून दाखवलं. बैल कुणाच्याच उत्तरात नव्हते.

पण तिथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी या शहरात इतकी वर्षं येऊन-जाऊन आली नव्हती. दिल्ली दरवाजातून निघून हर्सूलच्या टी-पॉइंटला आलं की सिडकोकडून येणारा मोठा रस्ता मिळतो. त्या रस्त्याला सगळं शहर ‘जळगाव रोड’ म्हणतं. दोन्ही रस्ते एकाच दिशेला जातात. ज्यांनी दरवाजाला नाव दिलं त्यांना या दिशेला दिल्ली दिसत होती. आज पाटी रंगवणाऱ्याला जळगाव दिसतं. त्यात कुणाची चूक नाही, एसटी जळगावलाच जाते. तरी दगडात एक नाव उरलं म्हणून निदान प्रश्न विचारता येतो की इथून दिल्ली कशी काय? दरवाजा पडला असता तर तो प्रश्नही गेला असता. शहरातल्या पैठण दरवाज्याचं तसंच. ज्या वास्तूच्या नावातच मुक्कामाचं गाव आहे, ती वास्तू रस्त्याची आठवण काही न करता सांभाळते.

पुढं अजिंठा गावापर्यंत मुलांच्या वह्या कोऱ्याच राहिल्या. वाटेत थांबावं असं काही दिसेना. माझ्या लहानपणी या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वड आणि कडुलिंब होते. कोणत्या वडाखाली गाडी थांबते यावरून आम्ही अंतर मोजायचो. इब्न बतूतानं चौदाव्या शतकात दिल्ली ते दौलताबाद या चाळीस दिवसांच्या वाटेचं वर्णन केलं आहे, त्यात दुतर्फा झाडी इतकी की प्रवाशाला आपण बागेतून चाललोय असं वाटावं. झाडालाही मी रस्त्याचं स्मारकच म्हणेन, सावलीसाठी थांबलेला माणूस बोलतो आणि बोलण्यातून जुनं पुढं जातं. आता तिथं सिमेंटचा चौपदरी पट्टा आहे, आणि थांबायला हॉटेलं आहेत. हॉटेलात माणसं मोबाइल बघतात.

अजिंठा गाव

अजिंठा गाव आणि अजिंठा लेणी या दोन वेगळ्या जागा आहेत, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. गाव घाटमाथ्यावर, लेणी घाट उतरून पलीकडे, मध्ये दहा-बारा किलोमीटर. पर्यटकांच्या गाड्या गावात न थांबता पुढं जातात. गावाला तट आहे, तो पहिल्या निजामानं १७२७मध्ये बांधवून घेतला. वेशी आहेत, वाटसरूंच्या मुक्कामाची सराई आहे, बारादरी आहे. आणि पारोचं थडगं आहे.

मुलांनी गावात पाय ठेवला आणि प्रश्न विचारायच्या आधीच चहावाल्यानं विचारलं, “पारो पाहिली का?”

पारोची गोष्ट सगळ्यांना येत होती. मेजर रॉबर्ट गिल १८४४मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला, इथंच राहिला, पारो नावाच्या इथल्या मुलीवर त्याचा जीव जडला, ती गेली तेव्हा त्यानं तिच्यासाठी दगड बसवला. दगडावर तारीख आहे, २३ मे १८५६. मुलींनी ती आपापल्या वहीत जशीच्या तशी उतरवली. एका आजींनी तर पारो कशी दिसायची इथपासून सांगितलं, जणू परवाच पाहिली असावी. गिलनं काढलेल्या बऱ्याच नकला लंडनला १८६६च्या आगीत जळाल्या, तो स्वतः १८७९मध्ये वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे, हे मी मुलांना नंतर वर्गात सांगितलं. तिथं त्या वेळी कुणालाच ते ऐकायचं नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

सराईला मात्र उत्तर मिळेना. “तो किल्ला आहे,” असं दोघा-तिघांनी सांगितलं. तट, वेस आणि सराई ही एकमेकांना इतकी लागून आहेत की सगळं मिळून एक ‘किल्ला’ झालं आहे. किल्ला म्हटलं की लढाई आली. लढाईशी या गावाचा संबंध आहेच. २३ सप्टेंबर १८०३ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसले आणि वेलस्ली यांची लढाई झाली, तेव्हा जखमी इंग्रज सैनिक अजिंठ्याच्या तटात आणून ठेवले होते. पण ज्या भिंतीआड वाणी-उदमी मुक्काम करत, तिलाही किल्लाच म्हटलं की त्या भिंतीची खरी गोष्ट संपते.

इथं मला थोडं थांबायचं आहे. पारोवर माझा राग नाही. आपल्या माणसासाठी ठेवलेला दगड लोकांनी पावणेदोनशे वर्षं जपला, ही या गावाची माया आहे. पण एकाच गावात, हाकेच्या अंतरावर, एक लहानसं थडगं आठवणीत राहतं आणि अख्खी सराई आठवणीतून जाते, हे कसं होतं ते समजून घेतलं पाहिजे. थडग्यावर नाव आहे, तारीख आहे, आणि मागं राहिलेला माणूस आहे. सराईत रोज वेगळी माणसं आली आणि पहाटे निघून गेली. कुणी तिथं मेलं नाही म्हणून कुणी दगड बसवला नाही. माल तर विकण्यासाठीच असतो, तो मागं राहत नाही. मुक्काम ही गोष्ट आठवणीला धरून ठेवायला फार निसरडी आहे.

घाटाखाली

फर्दापूर घाटाच्या पायथ्याशी, सोयगाव तालुक्यात. तिथंही मोगल काळातली सराई आहे, औरंगजेबानं बांधल्याचं सांगतात. माथ्यावर एक सराई असताना घाट उतरल्याबरोबर दुसरी कशाला, असं एका मुलानं गाडीतच विचारलं. मी उत्तर दिलं नाही, ड्रायव्हरदादांनी दिलं. “घाट चढून बैल दमणार का नाही? दिवस मावळायला आला तर घाटात कोण शिरंल?”

मला वाटतं सगळ्या पुस्तकांपेक्षा हे उत्तर नेमकं आहे. भरल्या बैलांचा तांडा घाट चढायचा तर पहाटेच निघायला हवं. संध्याकाळी पायथ्याशी पोचलेल्यानं रात्र खालीच काढायची, वरून येणाऱ्यानं माथ्यावर. वाघांचं रान होतं ते. १८१९मध्ये जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीला आला होता म्हणूनच लेणी इंग्रजांच्या नजरेला पडली. दोन सरायांच्या मधलं अंतर मोजलं तर थोडं, पण ते किलोमीटरात मोजायचं नाही, चढात मोजायचं. आमची गाडी तो घाट अर्ध्या तासाच्या आत उतरली, म्हणूनच आम्हाला दुसरी सराई अनावश्यक वाटली होती. रस्ता सुधारला की त्या रस्त्यासाठी बांधलेल्या गोष्टींचा अर्थ हरवतो, हे त्या मुलाच्या प्रश्नातून मला कळलं.

फर्दापुरात उत्तरं निराळी आली. तिथं सराई हा शब्द लोकांच्या तोंडात आहे. उंच दरवाजा, आत मोकळं आवार, भिंतीला लागून ओळीनं कमानींच्या खोल्या. गावाचा रोजचा वावर तिथं आहे. दरवाज्याच्या सावलीत बसलेल्या एका आजोबांना मुलांनी विचारलं, हा किल्ला आहे का? ते हसले. “किल्ला कशाचा? सराय आहे. रातचं उतरायचं, सकाळी जायचं.” कोण उतरायचं? “यापारी. बैलवाले.” कापूस? मीठ? “ते आमच्या आज्यालाबी ठाव नसंल. पण बैलवालेच.”

दिवसभरात ‘बैलवाले’ हा शब्द पहिल्यांदा आला तो इथं.

अजिंठ्याची सराई आणि फर्दापूरची सराई, दोन्ही एकाच जातीच्या वास्तू. एकीची आठवण पुसट आणि दुसरीची शाबूत का, यावर माझं मत असं : फर्दापूरच्या सराईला दुसऱ्या कुठल्या मोठ्या गोष्टीशी स्पर्धा करावी लागली नाही. तिथं पारो नाही, निजामाचा तट नाही. आणि सराई हा तिथं पत्ता आहे. माणूस रोज जो शब्द पत्ता म्हणून वापरतो त्याचा अर्थ सहजी मरत नाही. वास्तू जपायची म्हणजे कुंपण घालून माणसं बाहेर काढायची, असं आपण धरून चालतो. इथं माणसांच्या वावरानंच शब्द राखला आहे. दगडांची झीज त्याच वावरानं झाली असणार, तेही खरं.

बारा नंबर

लेण्यांत शिरलं की सगळे आधी एक नंबरकडे पळतात, पद्मपाणीच्या चित्रासाठी. मीही दरवर्षी तेच करायचे. या वेळी मुलांना थेट दहा आणि बारा नंबरला नेलं. दहाचं चैत्यगृह इथल्या सर्वांत जुन्या खोदकामातलं, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. बारा नंबर त्याच काळातला विहार. चित्र नाही, बुद्धाची मूर्ती नाही, त्यामुळे गर्दी नाही. मधोमध चौक, तीन बाजूंना खोल्या, प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले झोपायचे ओटे.

आमच्या वर्गातली एक मुलगी खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, “मॅडम, ही पण सराईच आहे.”

तिला वाटलं मी चूक काढीन. भिक्षूंचा विहार आणि प्रवाशांची सराई एक नव्हे, पावसाळ्यात वाट बंद झाली की भिक्षू एका जागी राहत म्हणून हे विहार, हे मी सांगितलंच. पण मधला चौक, भोवती खोल्या, एकच तोंड : रचना तिनं बरोबर ओळखली होती. आणि पुढचं मला तिला सांगायचं होतंच. बारा नंबरच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. हे लेणं घनामदड नावाच्या वणिजाचं दान, असं तो सांगतो. वणिज म्हणजे व्यापारी. लेणी राजांनी खोदली असं मुलं लिहितात, आणि पुढची काही लेणी वाकाटकांच्या काळात मंत्र्यांनी आणि मांडलिकांनी खोदवलीच. पण हे आधीचं, चित्रांविना काळं पडलेलं लेणं एका व्यापाऱ्यानं दिलं, आणि त्यानं आपलं नाव आणि धंदा दोन्ही कोरून ठेवलं. कन्नडजवळच्या पितळखोऱ्यातही असाच एक दाता आहे : पैठणचा मितदेव, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या गांधिक कुळातला. हे डोंगर तेव्हाच्या व्यापारी वाटांच्या कडेलाच होते. लेणी ही वाटेवरची स्मारकं आहेत, आणि ती बांधणाऱ्यांत वाटेवर चालणारेही होते.

संध्याकाळी गाडीत वह्या गोळा केल्या आणि परतीच्या वाटेवर टॉर्चच्या उजेडात वाचल्या. दिल्ली दरवाजा बादशहाचा. अजिंठा गाव निजामाचं आणि इंग्रज साहेबाच्या पारोचं. लेणी भिक्षूंची. ज्या रस्त्यावर हे सगळं उभं आहे तो ज्याच्यामुळे रस्ता झाला तो व्यापारी एका आजोबांच्या तोंडी आणि एका ब्राह्मी लेखात, एवढाच उरला होता. ब्राह्मी लेख वाचता येत नसल्यानं तोही जवळजवळ नव्हताच.

आणि व्यापाऱ्याच्याही मागं एक जण राहिला होता, त्याचं मला भान सोमवारी आलं.

वर्गात मी फळ्यावर ‘वणिज’ लिहिलं आणि विचारलं, यासारखा कोणता शब्द तुम्हाला माहीत आहे? वाणी, वाणिज्य आलं. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “वणजारा?” ती तांड्यावरून येते. तिची आजी सांगते की आपले लोक पूर्वी लदेणी करायचे, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूख ओलांडायचे, आणि तांडा तेव्हा एका जागी नसायचा, चालत असायचा. बहुतेक अभ्यासक बंजारा, वणजारा हा शब्द ‘वणिज’शीच जोडतात. मी हे शिकवलं नव्हतं. तिनं ते स्वतः जोडलं.

सराईतले ‘बैलवाले’ हेच. धान्य, मीठ यांच्या गोण्या हजारो बैलांवर लादून फौजांना आणि बाजारपेठांना पुरवणारे. मोगलांच्या फौजा दख्खनेत जगल्या त्या या तांड्यांच्या धान्यावर. पुढं बैलगाडीचे पक्के रस्ते झाले, आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडहून जालना-परभणी-नांदेडमार्गे हैदराबादकडे रेल्वे धावू लागली. लदेणी बसली. १८७१च्या कायद्यानं ज्या भटक्या जमातींवर जन्मानं गुन्हेगार असल्याचा शिक्का बसत गेला त्यांत अनेक ठिकाणचे बंजारेही होते. ज्यांनी रस्ता चालता ठेवला त्यांना रस्त्यावर दिसणं हाच गुन्हा झाला. त्यांच्या नावाचा एकही दगड मला फुलंब्री ते फर्दापूर दिसलेला नाही. त्यांच्या पोरी माझ्या वर्गात बसतात आणि इतिहासाच्या पेपरात मोगलांची कामगिरी लिहितात.

पाटी

या सगळ्याचं करायचं काय, हा प्रश्न मुलांनीच काढला. जुन्या वास्तूंपाशी जी निळी पाटी असते ती त्यांनी पाहिलेली होती. तीवर ही वास्तू संरक्षित आहे, नुकसान केल्यास इतका दंड, इतकी शिक्षा असा मजकूर असतो. कायदा हवाच, पण तो वाचून वास्तू कशासाठी होती ते कळत नाही. मुलांनी ठरवलं, फर्दापूरच्या सराईसाठी आपण पाटीचा मजकूर लिहू. पाच ओळींच्या वर नाही, कारण उभ्यानं माणूस तेवढंच वाचतो.

तीन तास लागले. पहिला मसुदा ‘औरंगजेबाने ही भव्य सराई’ असा सुरू झाला. ‘भव्य’ एका मुलानं खोडलं, म्हणाला, बघणाऱ्याला दिसतंच की. मग बादशहाचं नाव पहिलं असावं का, यावर भांडण जुंपलं. दोन्ही बाजूंनी आवाज चढले आणि मला मध्ये पडावं लागलं, कारण हे नाव आमच्याकडे आता नुसतं इतिहासातलं राहिलेलं नाही. शेवटी एकानं तोड काढली : आधी सराई काय कामाची ते लिहू, बांधणारा नंतर. ड्रायव्हरदादांचं घाटाचं उत्तर सगळ्यांना हवं होतं. ते दुसऱ्या ओळीत आलं.

मंजूर झालेला मजकूर असा :

‘ही सराई. बुऱ्हाणपूरहून दख्खनेत जाणारे आणि परत येणारे प्रवासी इथे रात्री उतरत.
समोरचा घाट अंधारात चढता येत नसे, म्हणून एक मुक्काम इथे आणि एक वर अजिंठ्याला.
माल बैलांच्या पाठीवर असे. तो वाहणारे वणजारे, लमाण.
मोगल काळात, औरंगजेबाच्या वेळी बांधली असे सांगतात.
जवळच्या अजिंठा लेण्यांत बारा नंबरचे लेणे एका व्यापाऱ्याने दिलेले आहे. तेही पाहा.’

तिसरी ओळ मागच्या बाकावरच्या मुलीनं लिहिली. ‘लमाण’ ठेवायचं की नाही यावर ती बराच वेळ विचार करत होती, कारण गावात तो शब्द कधीकधी शिवीसारखा येतो. शेवटी तिनं दोन्ही शब्द ठेवले. आजी दोन्ही म्हणते, हे तिचं कारण.

पाटी सराईपाशी लावायला परवानगी लागते. अर्ज केला आहे, उत्तर अजून आलेलं नाही. तोवर मजकूर शाळेच्या व्हरांड्यात, मुलांच्याच अक्षरात, तैलरंगानं लिहिला आहे. गेल्या डिसेंबरात पुढच्या नववीची सहल निघाली तेव्हा गाडी आधी फर्दापूरला थांबली. दरवाज्याच्या सावलीतले आजोबा दिसले नाहीत. त्यांच्या जागेवर बसलेल्या एका पोरानं मुलांना विचारलं, लेणी तर तिकडं आहेत, इथं काय बघायला आलात? चार-पाच जणांनी एकदम उत्तर दिलं.

“बैल कुठं बांधायचे ते.”